धारेचे मोल

धार लावणे हे काम आपल्या समाजात कधीच मोठे मानले गेले नाही. सायकलच्या चाकावर साण बसवून गल्लोगल्ली फिरणारा धारवाला आला, की घरातली सुरी, विळी, कात्री बाहेर निघे. चार पैसे त्याच्या हातावर ठेवले, की त्याची आणि आपली ओळख संपे. सुताराच्या पटाशीला, शेतकऱ्याच्या विळ्याला, न्हाव्याच्या वस्तऱ्याला धार हवीच. परंतु ती लावणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही. या मागे राहणाऱ्या कामाविषयी, आणि त्यासाठी आम्ही दीड वर्ष शोधलेल्या एका जुन्या यंत्राविषयी चार शब्द लिहावेत, असे बरेच दिवस मनात होते.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमचे एक छोटेखानी वर्कशॉप आहे. मेव्हणे आणि मी असे दोघे भागीदार. दोन लेथ, एक शेपर, एक जुने रेडियल ड्रिल मशीन आणि सहा कामगार, एवढाच आमचा संसार. बाहेरगावच्या माणसाला नाशिक म्हटले की गोदाघाट आठवतो, द्राक्षे आठवतात, फार तर तांबट आळीतली तांब्यापितळेची भांडी आठवतात. आम्हां यंत्रावर पोट असलेल्यांचे नाशिक निराळे आहे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे सातपूर, अंबड येथे कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. सातपूरच्या ‘मायको’त, म्हणजे २००८ पासूनच्या ‘बॉश’मध्ये, डिझेल इंजिनासाठी इंधन फवारणारे नॉझल बनतात; त्यांची छिद्रे इतकी बारीक असतात, की साध्या डोळ्यांना ती नीट दिसतही नाहीत. आमचे काम नेमके दुसऱ्या टोकाचे. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी दुरुस्तीची घाई असते. तेव्हा फ्लँज, बेसप्लेट, जाड पोलादी पट्ट्या आमच्याकडे येतात आणि त्यांना ३२, ३८, ५० मिलिमीटरची भोके पाडून द्यायची असतात. बारीक छिद्राला सूक्ष्मदर्शक लागतो, मोठ्या भोकाला बळ लागते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात मोठ्या भोकालाही बळापेक्षा धारच अधिक लागते.

वाचकांपैकी ज्यांनी हे हत्यार जवळून पाहिले नसेल, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पूर्वी आपला सुतार सामत्याने किंवा गिरमिटाने लाकडाला भोक पाडीत असे. लोखंडासाठी लोहार चपट्या टोकाचे हत्यार ठोकून घडवी. आज आपण पाहतो ते पिळाच्या खोबणीचे ड्रिल सर्वत्र पसरले, त्याचे श्रेय स्टीफन मोर्स या अमेरिकन कारागिराकडे जाते. त्याने १८६३ साली त्याचे पेटंट घेतले. मोठ्या ड्रिलचा मागचा निमुळता दांडा मशीनच्या स्पिंडलमध्ये घट्ट बसतो. त्या निमुळतेपणालाही त्याचेच नाव आहे. आमच्या पोऱ्यांना मोर्स कोण हे ठाऊक नसते, पण ‘चार नंबरचा मोर्स टेपर आण’ म्हटले, की ते अचूक उचलून आणतात. ३२ पासून ५० मिलिमीटरपर्यंतच्या ड्रिलला हाच चार नंबर लागतो. पुढे विसाव्या शतकाच्या तोंडावर टेलर आणि व्हाइट या दोघांनी अमेरिकेतील बेथलहेम पोलाद कारखान्यात असे पोलाद सिद्ध केले, की जे तापून लालसर झाले तरी आपला कठीणपणा सोडीत नाही. त्यालाच आज आपण हायस्पीड स्टील, किंवा वर्कशॉपच्या भाषेत नुसते ‘एचएसएस’ म्हणतो.

अशा ड्रिलच्या टोकाला दोन कापणाऱ्या धारा असतात. दोन्ही मिळून ११८ अंशांचा कोन व्हावा, म्हणजे मध्यरेषेपासून प्रत्येकी ५९. धारेच्या मागची बाजू आठ ते बारा अंश खाली उतरलेली हवी. नाही तर पाठ घासते आणि धार पोलादाला टेकतच नाही. दोन्ही धारांची लांबी तंतोतंत सारखी हवी. एक धार केसभर लांब राहिली, तर ड्रिलचे टोक मध्यावर राहत नाही आणि ५० मिलिमीटरचे भोक साडेपन्नास, एक्कावन्न होऊन बसते. शिवाय दोन धारांच्या मधोमध एक आडवी कड असते. ती कापीत नाही, नुसती रेटते. ड्रिल जितके जाड, तितकी ती कड रुंद, आणि ड्रिलवर द्याव्या लागणाऱ्या दाबापैकी निम्मा दाब तीच खाऊन टाकते. म्हणून मोठ्या ड्रिलचा मधला भाग घासून बारीक करावा लागतो. दहा मिलिमीटरचे ड्रिल बोथट झाले तर बाजूला टाकता येते. पन्नास मिलिमीटरचे टाकता येत नाही. त्याची किंमत हजारांत असते आणि नीट धार लावीत गेले तर ते वर्षानुवर्षे चालते.

आमच्याकडे हे काम मिस्त्री करीत. त्यांचे नाव येथे देत नाही. त्यांना ते आवडणार नाही. गिरणगावातील एका गिरणीच्या यांत्रिक खात्यात ते वयाच्या अठराव्या वर्षी हेल्पर म्हणून लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अनेकांप्रमाणे त्यांचीही गिरणी त्यांच्यापुरती कायमची थांबली. दीड वर्ष वाट पाहून ते नाशिकला आले. आमच्याकडे ते गेली पंचवीसेक वर्षे होते. मोठे ड्रिल दोन्ही हातांत धरून साणेच्या फिरत्या चाकासमोर उभे राहावे, उजवा हात मनगटातून किंचित खाली न्यावा आणि त्याच वेळी ड्रिल अंगठ्याने वळवावे, ही क्रिया त्यांच्या हातून इतकी सहज होई, की पाहणाऱ्याला त्यात काही अवघड आहे असे वाटतच नसे. ठिणग्यांचा झोत एकसारखा खाली पडे. मध्येच थांबून ते टोक उजेडाकडे धरीत, गेज लावीत, पुन्हा एक हलका स्पर्श देत. तापलेले ड्रिल पाण्यात बुडवू पाहणाऱ्या पोऱ्याला ते दटावीत. हायस्पीड पोलाद लाल तापले आणि एकदम पाण्यात गेले, तर धारेला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि पुढे कामात धार तुकड्यांनी निघते. त्यांचे म्हणणे असे, “घाई झाली असेल तर दुसरं ड्रिल घ्या, याला त्याच्या वेळेनं निवू द्या.”

२०१६ च्या पावसाळ्यात एका कारखान्याने आमच्या फ्लँजची एक संपूर्ण खेप परत पाठविली. भोके मोठी झाली होती. ज्या मशीनवर आणि ज्या हातांनी आजवर हजारो भोके बिनचूक पडली, त्याच मशीनवर हे का व्हावे, हे आम्हांला कळेना. मेव्हण्यांनी ड्रिल तपासले, तेव्हा एक धार दुसरीपेक्षा दीड मिलिमीटरने लांब निघाली. मिस्त्री काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते कामावर आले ते डॉक्टरांची चिठ्ठी घेऊनच. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. मोतीबिंदू असता तर शस्त्रक्रियेने नजर परत आली असती. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी रोजच्या थेंबांनी राखता येते. वर्षभरापासून कडेचे दिसेनासे झाले होते आणि हे त्यांनी घरीही सांगितले नव्हते.

खेप परत आल्याचा तोटा पैशांचा होता. तो सोसता आला. पण पुढे काय, हा प्रश्न पैशांचा नव्हता. वर्कशॉपमधील तिघा तरुण मुलांपैकी एकालाही मोठ्या ड्रिलला हाताने धार लावता येत नव्हती. बाहेरून धार लावून आणायची, तर प्रत्येक खेपेस दोन दिवस मोडत आणि हंगामाच्या तोंडावर दोन दिवस म्हणजे हातची ऑर्डर. मोठी भोके हेच आमच्या पोटापाण्याचे काम. ते गेले असते, तर सहापैकी निदान तिघांना घरी बसावे लागले असते, आणि त्यांतल्या दोघांच्या घरांवर कर्जाचे हप्ते होते.

आश्चर्य असे, की यंत्र घेण्याचा विषय मिस्त्रींनीच काढला. मला वाटले होते, त्यांना ते अपमानाचे वाटेल. ते म्हणाले, “दादा, गिरणीत आमच्या टूलरूममध्ये ड्रिलला धार लावायचं मशीन होतं. मला त्याला हात लावायची परवानगी नव्हती, म्हणून मी हातानं शिकलो. मशीन असतं तर मी हातानं कशाला शिकलो असतो? नवं परवडायचं नाही. जुनं बघा. मी येतो बघायला.”

नव्या यंत्राची किंमत विचारून आम्ही गप्प झालो होतो. ७५ मिलिमीटरपर्यंतची ड्रिले घेणारे चांगले यंत्र आमच्या दोन वर्षांच्या शिलकीहून महाग होते. छोट्या ड्रिलांची यंत्रे बाजारात मुबलक आणि स्वस्तही मिळतात. परंतु ती वीस-पंचवीस मिलिमीटरच्या पुढे जात नाहीत. मोठ्या ड्रिलांची यंत्रे मुळातच कमी बनली आणि ज्यांच्याकडे आहेत ते ती सहसा विकीत नाहीत. अशा प्रकारे आमचा शोध सुरू झाला.

आरंभ घरापासूनच केला. अंबड-सातपूर लिंक रोडवर तेव्हा भंगाराचा प्रचंड बाजार होता. मोटारींचे सांगाडे, कारखान्यांतून बाद झालेल्या मोटरी, गिअरबॉक्स, लोखंडाच्या राशी यांतून वाट काढीत मिस्त्री आणि मी कित्येक रविवारी दुपारी हिंडलो. एके ठिकाणी धार लावण्याच्या यंत्राचा नुसता बीडाचा पाया मिळाला. वरचे डोके कधीच वितळून गेले होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली आणि रोखीवर चालणारा तो बाजार थंडावला. जानेवारी २०१७ मध्ये महापालिकेने तो बाजारच उठविला. अनधिकृत बांधकामे हटली हे योग्यच झाले असेल. पण जुन्या यंत्राचा एखादा सुटा भाग शोधणाऱ्याला हाताशी असलेले एक ठिकाण त्याबरोबर नाहीसे झाले.

मग मुंबई. नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांची दुकाने एकाला एक लागून आहेत; तेथे ड्रिल हवे तेवढे मिळते, गेज मिळते, साणेचे चाक मिळते, यंत्र मात्र ‘सांगून ठेवतो’ यापलीकडे जात नाही. दारूखान्यात जहाजांचे भंगार येते. जहाजाच्या वर्कशॉपमधून एखादे यंत्र येईल या आशेने तेथेही दोन फेऱ्या झाल्या. एका व्यापाऱ्याने एक यंत्र दाखविले. हिरवा रंग ताजा, हँडले चकचकीत. मिस्त्रींनी खिशातून लहानशी बॅटरी काढली, चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळा यंत्राला जवळजवळ टेकवून पाहू लागले. मग त्यांनी स्पिंडल दोन्ही हातांनी धरून वर उचलल्यासारखे केले. ‘टक्’ असा बारीक आवाज आला. ते नुसते “चला” म्हणाले. बाहेर आल्यावर त्यांनी सांगितले, की बेअरिंग खिळखिळे आहे, कॅम झिजलेला आहे आणि रंग त्यावर पांघरूण म्हणून घातलेला आहे.

येथे जुने यंत्र पारखण्याविषयी त्यांच्याकडून जे शिकलो, ते नोंदवून ठेवतो. कोणा होतकरूच्या उपयोगी पडेल. या यंत्रात ड्रिल चकमध्ये धरलेले असते आणि मंद गतीने फिरते. कॅमच्या तालावर साणेचे चाक पुढे-मागे होते. ड्रिलच्या एका फेऱ्यात हे दोनदा घडते, म्हणून दोन्ही धारा एकाच मापाच्या होतात. सारी करामत कॅमची आणि चकची. कॅम झिजला, की धारेच्या मागचा उतार बिघडतो. चकचे जबडे झिजले, की ड्रिल मध्यावर राहत नाही. तेव्हा रंग पाहू नये. डायल लावून स्पिंडलचा डगडग किती आहे तो पाहावा. मोटर थ्री-फेजची आहे का आणि गुंडाळी पुन्हा भरलेली आहे का, ते विचारावे. मधला भाग बारीक करण्याचे जोडसाधन सोबत आहे का ते पाहावे. ते हरवले असेल तर मोठ्या ड्रिलसाठी यंत्र निम्मेच. साणेच्या चाकावर छापलेली फेऱ्यांची मर्यादा आणि मोटरच्या फेऱ्या जुळतात की नाही हे तपासावे, कारण मर्यादेबाहेर फिरणारे चाक फुटले तर माणूस जातो. आणि शेवटी, एक बोथट ड्रिल बरोबर न्यावे, तेथेच धार लावून घ्यावी आणि तेथेच एका पट्टीत भोक पाडून पाहावे. दोन्ही खोबणींतून सारख्या जाडीचे, सारखे पिळदार दोन चिप बाहेर आले, तर यंत्र खरे.

पुण्याजवळ भोसरीत एक यंत्र पसंत पडले. पण आम्ही पैसे जमवीपर्यंत ते दुसऱ्याने नेले. असे दीड वर्ष गेले. दरम्यान मिस्त्री तरुणांपैकी एकाला हाताने धार लावायला शिकवीत होते. स्वतःला दिसत नसे, म्हणून ते त्याच्या मनगटावर आपला हात ठेवीत आणि आवाजावरून सांगत, “आता जास्त दाबतोयस.” मुलगा जिद्दीचा होता, परंतु ३८ मिलिमीटरच्या पुढे त्याचा हात चालेना.

आणि मग, ज्याच्यासाठी मुंबई-पुणे पालथे घातले, ते तीस किलोमीटरवर सिन्नरला निघाले. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात बोलता बोलता एका परिचितांनी सांगितले, की मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत एक छोटे वर्कशॉप बंद पडले आहे. मालक वर्षापूर्वी हृदयविकाराने गेले. पत्नीला यंत्रे विकायची आहेत. त्याच आठवड्यात मिस्त्री, मेव्हणे आणि मी तेथे गेलो.

शटर उघडले तेव्हा आत धूळ होती, पण अस्ताव्यस्तपणा नव्हता. पाने मापाप्रमाणे भिंतीवर टांगलेले, मोजमापाची साधने तेलकट फडक्यात गुंडाळलेली. कोपऱ्यात ताडपत्रीखाली ते यंत्र उभे होते. पाटीवरची अक्षरे झिजली होती. इंग्लंडची बनावट आणि तीन इंचांपर्यंतची क्षमता एवढेच वाचता येत होते. मिस्त्रींनी ताडपत्री स्वतःच काढली. बोटांनी त्यांनी कॅम चाचपला, चकचे जबडे उघडून आतून हात फिरवला, स्पिंडल उचलून पाहिले. ‘टक्’ झाले नाही. खालच्या खणात मधला भाग घासण्याचे जोडसाधन मेणकागदात बांधून ठेवलेले सापडले. आम्ही नेलेले ५० मिलिमीटरचे बोथट ड्रिल लावले. दहा मिनिटांनी गेज लावले तेव्हा दोन्ही धारा ५९ अंशांवर, लांबीत फरक नाही. तेथल्याच ड्रिल मशीनवर मिनिटाला १६० फेऱ्यांनी भोक पाडले. दोन्ही बाजूंनी दोन सारखे चिप वेटोळे घेत वर आले.

किमतीचे बोलणे निघाले तेव्हा त्या बाई म्हणाल्या, “भाऊ, मला यातलं काही कळत नाही. भंगारवाला म्हणाला, सहाशे किलो भरेल, सतरा हजार देतो. तुम्ही वीस हजार दिलेत तरी चालेल. मुलीची फी भरायची आहे, हे लवकर निघालं तर बरं.”

आम्ही तिघे क्षणभर गप्प राहिलो. वाचकहो, तेथे मोह नव्हता असे म्हणणे खोटे ठरेल. आमच्याकडे पैसा थोडा होता, गरज मोठी होती, आणि वीस हजार हा आकडा त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितला होता. व्यवहाराच्या भाषेत त्यात काही गैर नव्हते. भंगारवाल्यानेही त्यांना फसविले नव्हते. तो बीड वजनानेच घेतो, त्याच्या दृष्टीने ती किंमत बरोबरच होती. पण आम्ही काही बीड घ्यायला आलो नव्हतो. सहाशे किलो बीडात जे बसवलेले होते, ते आम्हांला हवे होते. आणि ते काय आहे हे त्या खोलीत आम्हां तिघांनाच ठाऊक होते. विकणाऱ्याच्या अज्ञानावर घेणाऱ्याने किती नफा करावा, हा प्रश्न पुस्तकात सोपा असतो. समोर शाळेच्या फीची काळजी असलेली विधवा आणि पाठीशी सहा कामगारांची काळजी असली, म्हणजे तो सोपा राहत नाही.

मिस्त्री म्हणाले, “ताई, हे वजनावर द्यायचं मशीन नाही. तुमच्या मालकांनी हे कसं ठेवलंय ते बघा. कॅमला गंजाचा ठिपका नाही. माणूस वर्ष झालं गेला आणि तेल अजून जागेवर आहे.” मग माझ्याकडे वळून, “दादा, लाखाच्या खाली बोलू नका.”

मेव्हण्यांनी माझ्याकडे पाहिले. आम्ही बाजूला जाऊन हिशेब केला. एवढ्या स्थितीतले यंत्र भोसरीत आम्ही एक लाख तीस हजारांना पाहिले होते. त्यातून वाहतूक आणि व्यापाऱ्याचा नफा वजा केला. शेवटी १ लाख २० हजार ठरले. साठ हजार तेव्हाच आणि उरलेले दरमहा सहा हजारांच्या दहा हप्त्यांत. बाईंना ते प्रथम खरे वाटेना. त्या पुन्हा पुन्हा विचारीत, “मशीन बिघडलं तर पैसे परत मागणार नाही ना?” आम्ही कागदावर लिहून दिले. निघताना त्यांनी भिंतीवरची मोजमापाची साधनेही देऊ केली. मिस्त्रींनी ती पुन्हा फडक्यात गुंडाळली आणि म्हणाले, “ही तुमच्या मुलीसाठी ठेवा. ती शिकतीय ना.”

ही हकिगत सांगितली ती आमच्या चांगुलपणाची जाहिरात करण्यासाठी नव्हे. मिस्त्री सोबत नसते तर आकडा काय ठरला असता, हे सांगणे कठीण आहे. आणि त्यांना तो अधिकार कोठून आला, याचाच मी नंतर विचार करीत राहिलो. यंत्राचे खरे मोल त्यांना कळत होते, कारण ते यंत्र जे करते ते त्यांनी आयुष्यभर हाताने केले होते. ज्याने तो ५९ अंश मनगटात बाळगला, त्यालाच कळते की तो लोखंडात बसविणाऱ्याने काय साधले असेल. वजनकाट्याला ते कळत नाही.

शरणपूर रोडवरून आपण नाशिककर रोज ये-जा करतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीने तेथे वसाहत वसविली आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेल्या आफ्रिकन मुलांना आसरा देऊन सुतारकाम, लोहारकाम शिकविले. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचे १८७३ साली आफ्रिकेच्या अंतर्भागात निधन झाले. त्यांचा देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांपैकी जेकब वेनराइट हा याच शरणपूरला शिकलेला होता. पुढे तेथील अनेक कारागीर मोंबासाजवळच्या फ्रेअरटाउन वसाहतीत गेले. ती मुले येथे आली तेव्हा त्यांच्याजवळ काहीही नव्हते; गेली तेव्हा हातांत कसब होते. पेटी, पेढी, जमीन मागे राहते, कसब मात्र हातांबरोबर समुद्र ओलांडते. तथापि त्याची एक अट आहे. एका हाताने ते वेळेवर दुसऱ्या हाताला दिले पाहिजे. गिरणगावातले कितीतरी कसब त्या १९८२ नंतर असे देता न आल्यामुळे विरून गेले. मिस्त्रींचे थोडक्यात वाचले.

यंत्र फेब्रुवारी २०१८ मध्ये आमच्याकडे आले. त्या वर्षीच्या हंगामापूर्वी आमची एकही खेप परत आली नाही. सिन्नरचे हप्ते दर महिन्याच्या पाच तारखेला जात राहिले आणि डिसेंबरमध्ये संपले. बाईंची मुलगी पुढे पदविकेला गेली, यंत्र अभियांत्रिकीच्याच. ज्या मुलाला मिस्त्री हाताने शिकवीत होते, तोच आता यंत्र चालवितो. हाताचे शिक्षण वाया गेले का, असे मला कोणी विचारले, तर मी त्याला वर्कशॉपमध्ये यायला सांगेन. यंत्र कोन देते, लांबी देते. पण ड्रिल केव्हा बोथट होत आले आहे, हे यंत्र सांगत नाही. बोथट ड्रिल तसेच रेटले तर ते तापते, कोपरे जळतात आणि मग धार आणताना चांगले पोलाद उगाच घासून जाते. ते वेळीच काढले तर केसभर घासून भागते. ही वेळ आवाजावरून ओळखायची असते. कापणारे ड्रिल एका सुरात चालते. बोथट होऊ लागले, की त्यात बारीक किरकिर मिसळते.

मिस्त्रींना आता समोरचे थोडेसेच दिसते. तरी ते शनिवारी रिक्षाने येतात, दाराजवळच्या बाकावर बसतात आणि रेडियलचा आवाज ऐकत राहतात. त्यांचा पगार आम्ही बंद केलेला नाही; ते जे देतात त्याच्या मानाने तो थोडाच आहे. पूर्वी दर शनिवारी एक-दोनदा तरी ते बाकावरून हाक देत, “काढ आता.” आणि मुलगा ड्रिल काढून धारेला लावी. अलीकडे ही हाक क्वचित ऐकू येते. त्यांनी तोंड उघडण्यापूर्वीच मुलाने मशीन थांबविलेले असते.